ऑटो अडकते, पण कुठे?

'ऑटो बंदूक ऐन वेळी दगा देते' हे मत आमच्या गोंदियाकडे इतकं रुळलं आहे की त्यावर वाद घालणारा माणूसच विचित्र ठरतो. नागऱ्याच्या शिवारात आश्विनात धान लोंबीवर आलं आणि रात्री डुकरांचे कळप बांध्यांत उतरायला लागले, की जागलीवरच्या गप्पांत हे वाक्य निघतंच. कुणाच्या घरी आजोबांच्या परवान्यावरून चालत आलेली बेल्जियमची पाच बारांची बंदूक असते. ती पहिल्या बाराला चालते आणि दुसऱ्याला अडते. मग निकाल ठरलेला: ऑटो ती ऑटोच, आपली दुनळी बरी.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. तर म्हणणं असं: दुनळीत हलणारे भाग थोडे, ऑटोत पुष्कळ. भाग जितके अधिक तितका बिघाड अधिक. बिघाडाचं मूळ मळ आणि कोरडेपणा, म्हणून उपाय तेल. तेलानेही भागलं नाही तर दोष आपल्या देशी काडतुसाचा. आणि काडतूस बदलूनही अडली, तर बंदूक आपल्या हवेला मानवत नाही असं समजून ती गुंडाळून ठेवावी. ही साखळी सरळ दिसते आणि तिच्यातली एकेक कडी अगदीच खोटी आहे असंही नाही. म्हणूनच ती इतकी टिकली.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. 'शिकारीची बंदूक' हा शब्द आपण सवयीने वापरतो. शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधनं आली, आणि नागझिऱ्यापासून नवेगावबांधपर्यंत मचाणं बांधणाऱ्या पिढीच्या बंदुका तेव्हापासून कपाटांत उभ्या आहेत. आज त्यांचं काम उरलंच तर ते राखणीचं. तेही बंदुकीचा परवाना आहे म्हणून आपोआप करता येत नाही. पीक नासवणाऱ्या डुकरावर बार टाकायचा तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नसतो, हे अजूनही सगळ्यांच्या गळी उतरलेलं नाही.

आता उत्तरपक्ष. पहिला आक्षेप असा की पूर्वपक्षाने 'अडकणं' ही एकच घटना धरली आहे. ती एक नाही, निदान चार आहेत, आणि चौघींची कारणं वेगवेगळी आहेत. बार झाल्यावर बंदुकीला चार कामं करायची असतात. नळीतली पुंगळी मागे ओढायची, ती खिडकीतून बाहेर फेकायची, मॅगझिनमधलं नवं काडतूस वर उचलायचं, आणि बोल्ट पुढे येऊन कुलूप लावायचं. 'अडकली' म्हणणाऱ्याला कोणत्या कामात अडकली हे विचारलं, तर दहातले नऊ जण गप्प बसतात. कारण अडकल्याबरोबर त्यांनी बोल्टची मूठ धरून दोन हिसके दिलेले असतात, पुंगळी अंधारात कुठेतरी उडालेली असते, आणि साक्षीपुरावा तिथेच संपलेला असतो. नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, चापावरचं बोट काढावं आणि हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहावं, एवढं शिकलं तरी अर्धं निदान होतं.

पुंगळी बोलकी असते. ती नळीतच चिकटून राहिली असेल तर काढल्यावर तिच्या पितळी कडेकडे पाहावं. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने कड फाडली किंवा वाकवली असेल, तर नखाने ओढायचं काम केलं, पुंगळीच सुटली नाही. म्हणजे चेंबर खरबरीत आहे, गंजाचे खड्डे पडले आहेत किंवा आत जुन्या प्लास्टिकचा थर बसला आहे. कडेवर ओरखडासुद्धा नसेल, तर नखाने पकडलंच नाही. नख झिजलं आहे किंवा त्यामागची स्प्रिंग मेली आहे. पुंगळी बाहेर पडता पडता खिडकीत आडवी-उभी चिमटली असेल, तर ओढणं झालं, पण मागे जाण्याची धाव अपुरी पडली. पुंगळी साफ उडाली आणि नवं काडतूस आलंच नाही, तर मॅगझिनची स्प्रिंग आणि काडतूस अडवणारा खटका पाहायचा. आणि नवं काडतूस आत गेलं, पण बोल्ट सुतभर उघडा राहिला, तर दोष बहुधा अशा ठिकाणी असतो जिथे कुणी पाहत नाही: दस्त्याच्या पोटात. त्याकडे पुढे येतो.

चारही रोगांना तेल हे एकच औषध सांगणारा वैद्य आपण दारात उभा केला नसता. बंदुकीच्या बाबतीत मात्र चालवून घेतो.

दुसरी कडी: भाग अधिक म्हणून बिघाड अधिक. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील, कारण जिथे भाग अधिक तिथे बिघाड अधिकच असतो असं दिसत नाही. आमच्याकडच्या बहुतेक जुन्या ऑटो ज्या घराण्यातल्या आहेत, ती जॉन ब्राउनिंगची ऑटो-फाइव्ह. ब्राउनिंगने ती विंचेस्टरला देऊ केली, पैशांवरून बिनसलं. मग तो रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्या दिवशीच तिथल्या प्रमुखाचं निधन झालं. शेवटी बेल्जियमच्या एफएन कारखान्याने 1902 च्या सुमारास ती हाती घेतली आणि ती 1998 पर्यंत बनत राहिली. जवळजवळ शंभर वर्षं एकच यंत्र विकलं जातं ते ऐन वेळी दगा देतं म्हणून नव्हे. 'आपल्या दमट हवेला मानवत नाही' म्हणणाऱ्यांना तर मलायाची आठवण करून द्यावी. 1948 पासून बारा वर्षं तिथल्या जंगलात ब्रिटिश सैन्य लढत होतं आणि त्यांच्या हातांत हीच बंदूक होती. मलायाचं जंगल आणि नागऱ्याची बांधी यांत ओलावा कुठे जास्त, हे सांगायला हवामान खातं नको.

हवेचा मुद्दा पूर्ण पोकळ नाही, हेही कबूल करू. कागदी काडतुसांच्या काळात ओलाव्याने पुंगळी फुगायची आणि चेंबरमध्ये ठासून बसायची. विंचेस्टरने 1911 मध्ये स्वतःची ऑटो काढली. बोल्टला मूठ लावण्याची युक्ती ब्राउनिंगच्या पेटंटमध्ये अडकली होती, म्हणून त्यांनी नळीच धरून मागे ओढायची सोय केली. फुगलेलं काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीला टेकवून, नळीच्या तोंडाशी वाकून जोर लावत. काहींचा त्यात जीव गेला आणि त्या बंदुकीला 'बायका विधवा करणारी' असं नाव पडलं. यातही दोष ऑटो असण्याचा नव्हता. पुंगळी कागदाची होती आणि मूठ नव्हती. आता पुंगळ्या प्लास्टिकच्या आहेत. जुनं कारण गेलं तरी जुनी समजूत तशीच राहिली.

माझ्या मते खरा गुन्हेगार मळ नाही, जुळणी आहे. ऑटो-फाइव्हमध्ये बार झाला की नळी आणि बोल्ट दोघं एकमेकांना धरून काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त मागे सरकतात. मग बोल्ट मागे थांबतो, नळी पुढे जाते, पुंगळी उडते, आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. हा मागचा धक्का आवरायला पुढच्या लाकडाखाली, मॅगझिनच्या नळीवर, ब्रेक बसवलेला असतो. जाड स्प्रिंग, तिच्यापुढे चिरलेली काशाची कडी, आणि एक पोलादी कडी जिची एक बाजू आतून उतरती कोरलेली असते. जोरदार काडतुसासाठी ही पोलादी कडी स्प्रिंग आणि काशाच्या कडीच्या मध्ये घालतात, कोरलेली बाजू काशाकडे. मग ती काशाच्या कडीला आवळते आणि ब्रेक घट्ट लागतो. हलक्या काडतुसासाठी तीच पोलादी कडी काढून स्प्रिंगच्या मागे, बंदुकीच्या धडाला लागून ठेवतात. आवळ कमी होते आणि नळीला पूर्ण मागे यायला वाव मिळतो.

हातात घेतली तर ही कडी अंगठीएवढी क्षुल्लक वाटते. पण कडी जोरदार मांडणीत आणि काडतूस हलकं, तर नळी अर्ध्या वाटेवर थांबणार आणि पुंगळी खिडकीत चिमटणार. वर्णन ओळखीचं वाटतं ना? 'पहिल्या बाराला चालते, दुसऱ्याला अडते' याचं बहुतेक वेळा हेच कारण. आजोबांनी 1960 मध्ये जी मांडणी लावली ती नातवाने कधी पाहिलीच नाही. गोंदियात हे समजावणं खरं तर सोपं असावं. जाड धान संपवून बारीक धान गिरणीत घातलं आणि रोलरमधलं अंतर तसंच ठेवलं, तर धान न सोलताच बाहेर पडतं. त्यासाठी गिरणी बेभरवशाची असं म्हणणारा मिलवाला मी पाहिला नाही.

आणि तेल? इथे पूर्वपक्षाचा सगळ्यात बळकट पुरावा आहे: 'आम्ही तेल घातलं आणि बंदूक चालली.' अनुभव खरा आहे, पण निष्कर्ष त्यातून निघत नाही. मॅगझिनच्या नळीला तेल लागलं की काशाची कडी घसरते, ब्रेक ढिला पडतो, नळी पूर्ण मागे येते. म्हणजे तेलाने मळ घालवला नाही, ब्रेक बिघडवला. आणि तो ब्रेक चुकीच्या मांडणीमुळे आधीच अति घट्ट होता, म्हणून दोन चुकांची बेरीज बरोबर आली. पुढे त्याच तेलकट नळीवर कुणी जोरदार काडतुसं चालवली, की आवर घालायला ब्रेक उरत नाही. नळीचा दणका पुढच्या लाकडात जातो. जुन्या ऑटो-फाइव्हच्या पुढच्या लाकडाला उभी चीर गेलेली दिसते ती यामुळे. अशी बंदूक अडकत नाही, उलट झोकात चालते, आणि चालता चालता मरते. न अडकणं म्हणजे ठणठणीत असणं नव्हे, ही गोष्ट पूर्वपक्षाच्या हिशेबातच नाही. त्या नळीला हवं असतं तेलाचं बोट लावून फडक्याने पुसल्यावर उरेल तेवढंच.

दुसऱ्या जातीच्या ऑटोत तर उपदेश साफ उलटतो. 1963 ची रेमिंग्टन 1100 आणि तिच्या पद्धतीच्या बंदुका बाराचा वायू नळीतल्या बारीक भोकातून घेऊन मॅगझिनच्या नळीवरचा पिस्टन ढकलतात. तिथे तेल घातलं की जळका कोळसा त्यात कालवला जाऊन चिकट राळ होते आणि पिस्टन जागीच बसतो. तिथे नळी कोरडी, भोकं स्वच्छ आणि रबरी कडी अखंड लागते. इटलीच्या बेनेलीची जात तिसरी. तिला ना वायू लागतो ना नळीची धाव. सगळी बंदूक मागे सरकते आणि बोल्ट जागच्या जागी राहू पाहतो, एवढ्याच जडत्वावर ती चालते. ती ढिल्या खांद्याने धरली किंवा तिच्यावर जड टॉर्च बांधला, तर हलक्या काडतुसाला कुरकुर करते. रात्रीच्या राखणीला टॉर्च बांधायचा मोह कुणाला होत नाही! तेव्हा 'ऑटोला तेल घाला' हे वाक्य कोणत्या ऑटोबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच नाही.

आता दस्त्याचं पोट. बोल्टला पुढे ढकलणारी लांब स्प्रिंग पुष्कळ ऑटोंमध्ये दस्त्यातल्या नळीत असते. आपल्या घरांत बंदूक कपाटाच्या कोपऱ्यात दस्त्यावर उभी ठेवायची रीत आहे, नळी वर. वरून दर दिवाळीला घातलेलं तेल वर्षानुवर्षं खाली उतरतं, दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ करतं आणि स्प्रिंगवर मधासारखं साचून वाळतं. उघडल्यावर त्याचा आंबूस वास येतो आणि स्प्रिंग तपकिरी राळेत गुंतलेली दिसते. अशा बंदुकीचा बोल्ट मे महिन्यात बंद होतो आणि मार्गशीर्षाच्या रात्री सुतभर उघडा राहतो. मालक म्हणतो, थंडीने लोखंड आखडलं. आखडलं ते तेल. हे काम मात्र घरी पेचकस घेऊन करायचं नाही. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे द्यावं. त्या स्प्रिंगचा ताण हात फोडण्याइतका असतो.

राहिलं काडतूस. देशी काडतूस म्हटलं की नाक मुरडणं ही आपल्याकडच्या बंदूकवाल्यांची जुनी खोड. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे, बाराबोअरची काडतुसं तिथे पिढ्यानपिढ्या बनत आली, आणि दुनळीवाले तीच वापरून समाधानी आहेत. यावर पूर्वपक्ष म्हणेल की दुनळी काहीही पचवते. बरोबर, आणि कारणही उघड आहे. दुनळीला काडतुसाकडून फक्त छर्रे उडवून हवे असतात. ऑटो त्याच काडतुसाकडून आणखी एक मजुरी मागते, यंत्र चालवण्याची. छर्ऱ्यांसाठी पुरेसं काडतूस यंत्रासाठी कमी पडू शकतं. तेव्हा काडतूस 'खराब' नसतं, त्या मांडणीला हलकं असतं. शिवाय थंडीत दारू सावकाश जळते आणि जोर उतरतो. बार उडवणाऱ्या दारूबद्दल भंडारा-गोंदियाने अनभिज्ञ असावं हे नवलच, कारण जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदकंच बनतात. वैशाखात घराच्या अंगणात नीट चाललेल्या काडतुसाने पहाटेच्या दवात दम सोडला, तर त्यात करणी-भानामती काही नाही.

एक सापळा मात्र खरोखर काडतुसाचा आहे. पुंगळीवर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. युरोपच्या कित्येक जुन्या बंदुकांचं चेंबर 65 मिलिमीटरचं असतं, आजचं काडतूस 70 चं. न उडवलेलं 70 चं काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे 65 च्या चेंबरमध्ये सहज जातं, म्हणून मालकाला वाटतं की बसलं. बार झाल्यावर मात्र तोंड उलगडायला जागा नसते. दाब वाढतो, खिडकीही आखूड पडते आणि पुंगळी अडते. इथे अडकणं हा बिघाड नाही, इशारा आहे. नळीवर आणि धडावर कोरलेले आकडे वाचून घ्यावेत. न वाचता येणारे असतील तर चेंबर मोजून घ्यावं. आणि बार फुसका वाटला, आवाज नेहमीसारखा आला नाही, तर पुढचं काडतूस चढवूच नये. बंदूक पूर्ण रिकामी करून नळी आरपार दिसते का ते पाहावं. नळीत अडकलेल्या काडतुसाच्या गादीवर दुसरा बार टाकला तर नळी फाटते.

कारण शोधायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. तेच काडतूस दुसऱ्या ऑटोत चालवून पाहा. दुसरं, अधिक जोराचं काडतूस याच बंदुकीत चालवून पाहा. कडीची मांडणी बदलून पहिलंच काडतूस पुन्हा पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. गावात घडतं ते उलट. तेल, नवं काडतूस, साफसफाई आणि थोडा देवाचा अंगारा, सगळं एकाच संध्याकाळी. बंदूक चालली तर श्रेय कुणाचं हे कळत नाही, आणि मग श्रेय नेहमी तेल घेऊन जातं.

दुनळीबद्दल आता. पूर्वपक्षाच्या निष्कर्षाशी माझं भांडण नाही, त्याच्या हेतूशी आहे. रात्रीच्या राखणीला दुनळीच बरी, हे मलाही मान्य आहे. पण ऑटो बेभरवशाची म्हणून नव्हे. दुनळी मोडून उघडली की दोन्ही काडतुसं डोळ्यांसमोर येतात, बंदूक रिकामी आहे की भरलेली हे अंधारात बोटानेही कळतं, आणि तिच्यात एक घोडा रुसला तरी दुसरा स्वतंत्र असतो. ऑटोत मॅगझिनमधलं काडतूस दिसत नाही. बोल्ट ओढून चेंबर रिकामं केलं आणि बंदूक रिकामी झाली असं समजलं, तर तोच बोल्ट पुढे येताना दुसरं काडतूस चढवून बसलेला असतो. हा धोका न अडकणाऱ्या, उत्तम चालणाऱ्या ऑटोतच जास्त.

मग लोकांच्या ऑटो वर्षाआड का अडकतात? कारण त्या तपासल्याच जात नाहीत. परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, गावात निशाणबाजीचं मैदान नाही, आणि शिवारात सहज म्हणून बार टाकला तर तो गुन्हा. त्यात निवडणुका. 2024 मध्ये भंडारा-गोंदियाचं लोकसभेचं मतदान 19 एप्रिलला झालं आणि विधानसभेचं 20 नोव्हेंबरला, ऐन कापणी-मळणीत. आचारसंहितेत बंदुका ठाण्यात जमा होतात. दमट खोलीत भिंतीला टेकून उभी राहिलेली बंदूक परत आली की कपाटात जाते, आणि तिथून थेट जागलीवर. पहिली चाचणी तिथेच, अंधारात, समोर डुक्कर असताना.

निम्मी तपासणी बार न टाकताही होते. दुरुस्तीवाल्याकडे दारू-छर्रे नसलेली नकली काडतुसं मिळतात. ती भरून, नळी मोकळ्या भिंतीकडे करून, बोल्ट हाताने पाच-सहा वेळा चालवला, तर उचलणं, चढवणं आणि पूर्ण बंद होणं ही कामं दिसतात. मॅगझिनची स्प्रिंग, खटका आणि दस्त्यातली राळ यांची परीक्षा घरच्या ओट्यावर होते. कडी कोणत्या मांडणीत आहे हे पुढचं लाकूड काढून पाहायला दहा मिनिटं पुरतात. बाराच्या जोरावर अवलंबून असलेली दोन कामं, पुंगळी ओढणं आणि फेकणं, एवढीच खऱ्या काडतुसावाचून कळत नाहीत. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारकांना वर्षातून एकदा पोलिसांच्या चांदमारीवर पाच-पाच बार टाकू द्यावेत, अशी मागणी कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे केली तर त्या अर्जावर माझी सही धरावी.